समळी उत्तरेकडे निघते तेव्हा

चैत्री ओळीच्या दिवसांत, आयंबिलाचा संकल्प करून दुकानाकडे निघालेल्या श्रावकाची गाडी चुकली आणि त्याला कोपर स्थानकावर पंधरा मिनिटे थांबावे लागले, तर तो वेळ वाया गेला असे समजण्याचे कारण नाही. खाली मध्य रेल्वेच्या गाड्या धडधडत असतात, वर दिवा-वसई मार्गाचे फलाट मोकळे असतात, आणि त्या उंचीवरून उल्हास खाडीकडचे व मलंगगडाच्या रांगेकडचे आकाश एकाच वेळी नजरेत येते. सकाळचे नऊ-साडेनऊ वाजले, उन्हाने पत्रे आणि रस्ते तापू लागले, की इमारतींच्या वर एक घार पंख न हलवता गोल फिरू लागते. तिच्या खाली दुसरी येते, मग तिसरी. पाहता पाहता त्या ठिपक्याएवढ्या होतात आणि एका क्षणी उत्तरेच्या बाजूला सरळ घसरत निघून जातात.

पौषात याच आकाशात घारी अधिक असतात आणि वैशाखात कमी. हा फरक बहुतेकांच्या लक्षात येत नाही, कारण घार कोणी मोजत नाही. ती नेहमीची, फुकटची, काहीशी नकोशी. पण मुंबई-ठाण्याच्या आकाशात हिवाळ्यात दिसणाऱ्या घारींपैकी काही इथल्या नसतातच. इथे राहून इथल्याच झाडांवर घरटी करणाऱ्या घारींमध्ये त्या पाहुण्या मिसळून गेलेल्या असतात. कानामागे काळसर डाग आणि अंगाने किंचित थोराड, एवढीच त्यांची ओळख. अभ्यासक त्यांना काळ्या कानाची घार म्हणतात. त्यांचे माहेर मध्य आशियात आहे.

ते किती दूर आहे, हे अलीकडेच नीट कळले. भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी दिल्लीत हिवाळा काढणाऱ्या अशा काही घारींच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली छोटी यंत्रे बसवली. वसंतात त्या निघाल्या आणि के-टू शिखराच्या परिसरातून, जगातील सर्वांत उंच पर्वतांची भिंत ओलांडून, कझाकस्तान, रशिया, चीन आणि मंगोलियाच्या मुलखात उतरल्या. प्रवास तीन हजार किलोमीटरांहून अधिक. दिल्लीच्या कचऱ्याच्या ढिगावर लोक जिला हाकलतात, ती घार दरवर्षी असे दोन प्रवास करते आणि त्याची कोणाकडे दाद मागत नाही.

उपग्रहाचे यंत्र थोड्याच पक्ष्यांच्या पाठीवर बसवता येते. बाकीच्यांचा हिशेब जुन्या रीतीनेच ठेवावा लागतो, डोंगरावर बसून, डोळ्यांनी. त्यासाठी हिमाचल प्रदेशातील धर्मशाळा हे गाव पक्षी-अभ्यासकांना ठाऊक आहे. तिथे धौलाधारची रांग कांग्राच्या खोऱ्यातून एकदम उभी राहते. २००१ च्या शरद ऋतूत आणि २००२ च्या वसंतात यान विलेम देन बेस्तेन या डच अभ्यासकाने तिथे शिकारी पक्ष्यांची दिवसेंदिवस मोजणी केली. त्याच्या वहीत सर्वांत मोठी नोंद होती ती स्टेप गरुडाची. शरदात हे गरुड हजारोंच्या संख्येने डोंगराच्या कडेकडेने पश्चिमेकडे जात होते आणि वसंतात त्याच वाटेने पूर्वेकडे परतत होते. पंखांचा पसारा सुमारे दोन मीटर, रंग मातकट तपकिरी, चाल सावकाश. रशिया, कझाकस्तान आणि मंगोलियाच्या गवताळ मैदानांत त्यांचा जन्म होतो आणि हिवाळ्यासाठी त्यांतले पुष्कळसे भारतात येतात. नेपाळमध्ये पोखऱ्याजवळ ठुलाखर्क येथे २०१२ पासून दर शरदात अशीच मोजणी चालते.

मोजणी डोंगरावरच का, याचे उत्तर पक्ष्याच्या काटकसरीत आहे. दोन-चार किलो वजनाचा गरुड हजारो किलोमीटर पंख मारत गेला, तर वाटेतच संपेल. म्हणून तो पंख मारतच नाही. ऊन चढले की तापलेल्या उतारावरून गरम हवेचा स्तंभ वर उठतो. गरुड त्यात शिरतो, गिरक्या घेत वर चढतो आणि माथ्यावर पोहोचला की पंख ताणून पुढच्या स्तंभापर्यंत नुसता घसरत जातो. डोंगराच्या कडेला आपटून वर वळणारा वाराही त्याला असाच उचलून धरतो. समुद्रावर हे फुकटचे भांडवल सहसा मिळत नाही, म्हणून हे पक्षी डोंगररांगा धरून, एका अरुंद पट्ट्यातून जातात. त्या पट्ट्याच्या कडेला जो बसला, त्याच्यासमोरून आशियाचा एक मोठा भाग उडत जातो.

मोजण्याची रीत व्यापाऱ्याला लगेच समजेल अशी आहे. गिरक्या घेणारा थवा मोजायचा नाही. त्यात पक्षी वर-खाली होतात, एकच तीनदा मोजला जातो. थवा माथ्यावर पोहोचून एका रांगेत बाहेर पडू लागला, की दाराशी उभे राहून पोती मोजावीत तसे एकेक मोजायचे. हातात आकडा पुढे सरकवणारे छोटे यंत्र असते, तासागणिक बेरीज होते, शेजारी वाऱ्याची दिशा, ढग, उष्णता यांची नोंद. परत फिरलेला पक्षी वजा करायचा. पिल्लू की प्रौढ, हे दिसले तर लिहायचे, न दिसले तर लिहायचे नाही. आणि प्रत्येक पानावर एक रकाना अनोळखी पक्ष्यांचा असतो. फार उंचावरून गेलेला, उन्हात केवळ काळा दिसलेला पक्षी कोणत्या तरी जातीत ढकलून पान देखणे करण्याचा मोह होतो. प्रामाणिक मोजणारा तो टाळतो आणि त्या पक्ष्याला अनोळखीच ठेवतो. जुन्या पेढ्यांवर ज्या रकमेचा खुलासा लागत नसे ती उचंत खात्यात टाकली जाई, तसाच हा प्रकार. ज्या वहीत उचंत खातेच नाही, तिच्यावर जाणता मुनीम फारसा विश्वास ठेवत नसे.

तासन् तास काहीही येत नाही, हेही सांगितले पाहिजे. मान अवघडते, डोळे चुरचुरतात, ढग उतरला तर दिवस कोरा जातो. कोऱ्या दिवसाचीही नोंद करायची. शून्य लिहिले नाही तर पुढच्या वर्षी कोणाला कळणार नाही, की त्या दिवशी पक्षी आले नव्हते की माणूस आला नव्हता.

या वहीचा उपयोग काय, याचे सर्वांत जुने उदाहरण अमेरिकेतले आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यात एका डोंगरावर लोक दर शरदात बंदुका घेऊन बसत आणि वरून जाणारे ससाणे, गरुड केवळ मौजेखातर पाडत. सरकार काही जातींच्या शिकारीवर इनामही देत असे, कारण शिकारी पक्षी म्हणजे चोर, असा सर्वांचा समज होता. १९३४ साली रोझली एज या बाईंनी तो चौदाशे एकरांचा डोंगर आधी भाडेपट्ट्याने घेतला, मग विकत घेतला आणि मॉरिस ब्राऊन नावाच्या तरुणाला राखणीसाठी तिथे बसवले. ब्राऊन राखण करता करता मोजू लागला. त्या डोंगराला आज हॉक माउंटन म्हणतात.

त्या वहीचे मोल पुढे कळले. रेचल कार्सन यांनी १९६२ च्या आपल्या पुस्तकात कीटकनाशकांविषयी जगाला सावध केले, तेव्हा याच डोंगरावरचे आकडे त्यांच्या हाताशी होते. १९३५ ते १९३९ या वर्षांत तिथून गेलेल्या पांढऱ्या डोक्याच्या गरुडांत शेकडा चाळीस कोवळ्या वयाचे होते. १९५५ ते १९५९ मध्ये ते शेकडा वीसवर आले होते. गरुड उडत होते, डोंगरावरून जात होते, पाहणाऱ्याला सारे ठीक दिसत होते. मात्र त्यांच्या घरात मुले होत नव्हती. दुकानात गिऱ्हाईक दिसते पण नवा माल येत नाही, अशी ती अवस्था होती आणि ती केवळ वयाच्या रकान्यामुळे उघड झाली. डीडीटी या औषधावर अमेरिकेत १९७२ साली बंदी आली.

जैन घरांत शिकारी पक्ष्याविषयी मनात एक अडचण असते आणि ती लपवण्यात अर्थ नाही. चिमणीला दाणा, कबुतराला ज्वारी, मुंग्यांना पीठ, गाईला चारा, हे हात आपोआप करतात. घारीच्या तोंडात उंदीर असतो. तिच्यासाठी काय करावे, हे कोणी शिकवलेले नाही. कबुतरांना दाणा घालावा की नाही, हा वाद २०२५ साली मुंबईत न्यायालयापर्यंत गेला. घारीच्या बाजूने मात्र कोणी मोर्चा काढल्याचे ऐकिवात नाही.

आणि तरी जैन परंपरेतील एका मोठ्या तीर्थाच्या मुळाशी घारच आहे. भरूचला नर्मदेच्या काठी एक समळी, म्हणजे घार, वडाच्या झाडावर पिल्लांसह राहत होती. पाऊस लागून राहिला, अन्न मिळेना. भुकेने व्याकूळ होऊन तिने वस्तीतून मांसाचा तुकडा उचलला आणि घरट्याकडे निघाली, तेव्हा बाण लागून ती खाली कोसळली. जवळून जाणाऱ्या मुनींनी तिच्यावर पाणी शिंपडले आणि तिच्या कानी नवकार मंत्र पोहोचवला. शांत चित्ताने तिने देह सोडला आणि पुढच्या भवात ती सिंहलद्वीपाच्या राजाची कन्या सुदर्शना झाली. एके दिवशी भरूचचा एक व्यापारी राजसभेत आला असता त्याला शिंक आली आणि सवयीने त्याच्या तोंडून अरिहंतांना नमस्कार निघाला. ते शब्द कानी पडताच राजकन्येला मागचा भव आठवला. ती समुद्रमार्गे भरूचला आली आणि तिने मुनिसुव्रतस्वामींचे मंदिर उभारले. तोच शकुनिका विहार, समळी विहार. जिनप्रभसूरींनी चौदाव्या शतकात विविधतीर्थकल्पात ही कथा नोंदवली आहे आणि आबूच्या लूणवसहीत ती संगमरवरात कोरलेली आहे. वड, बाण, पक्षी, मुनी आणि गलबत असा तो पट पाहताना बहुतेक यात्रेकरूंची नजर छताकडे असते.

व्यापाऱ्यांच्या वर्तुळात ही कथा सांगितली जाते ती बहुधा नवकाराचा महिमा म्हणून, आणि एका शिंकेने तीर्थ उभे राहिले या कौतुकाने. तिचा पूर्वार्ध तितकाच विचार करण्याजोगा आहे. समळीच्या चोचीत मांस होते, ते मुनींना दिसत होते. तरी त्यांनी तिला आधी प्रायश्चित्त विचारले नाही. त्यांनी पाणी शिंपडले. ठाण्याच्या टेंभी नाक्यावरील मंदिरात, ज्याला कोंकण शत्रुंजय म्हणतात, मूलनायक मुनिसुव्रतस्वामीच आहेत आणि ओळीच्या दिवसांत श्रीपाळ-मयणेच्या कथेमुळे तिथे कोपर, डोंबिवली, कल्याणहून पुष्कळ श्रावक-श्राविका जातात. ज्या तीर्थंकरांच्या नावे एका घारीने मंदिर बांधले, त्यांचेच ते दर्शन असते.

मेघरथ राजाची कथा याहून अधिक परिचयाची. शांतिनाथ भगवंतांच्या पूर्वभवात, हेमचंद्राचार्यांच्या त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रात सांगितल्याप्रमाणे, भ्यालेले कबुतर राजाच्या मांडीवर येऊन पडते आणि मागोमाग बहिरी ससाणा येतो. कीर्तनात कबुतर लक्षात राहते. ससाणा मात्र राजाला एक नेमका प्रश्न विचारतो: त्याला वाचवलेस, मग उपाशी मरणाऱ्या माझे काय? राजा त्याला दगड मारून हाकलत नाही. तो तराजू मागवतो आणि आपले मांस तोलून देऊ लागतो. भुकेल्या शिकारी पक्ष्याचा दावाही दावा म्हणून ऐकून घेतला गेला, ही या कथेतली बारीक पण मोठी गोष्ट आहे.

कथेत सुटलेला प्रश्न व्यवहारात आजही अडतो. दिल्लीत चांदणी चौकातील लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचे धर्मादाय रुग्णालय आहे आणि त्याने असंख्य जीव वाचवले आहेत. तिथला जुना नियम असा, की मांसाहारी पक्ष्यावर उपचार होतात, पण त्याला शाकाहारी पक्ष्यांसोबत मुक्कामास ठेवत नाहीत. नियमामागची भावना समजण्याजोगी आहे. कबुतराच्या शेजारी घार ठेवणे कबुतरालाही मानवणार नाही. त्याच दिल्लीत नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद या दोन भावांना तरुणपणी एक जखमी घार सापडली. ती मांस खाते म्हणून तिला उपचार नाकारले गेले, तेव्हा त्यांनी घरातच घारींचा दवाखाना थाटला. पुढे हजारो घारी त्यांच्या हातून बऱ्या होऊन उडाल्या. त्यांच्यावरचा ऑल दॅट ब्रीद्ज हा माहितीपट २०२२ साली जगभर गाजला.

ठाणे-डोंबिवलीत हा प्रश्न मकर संक्रांतीला समोर येतो. जैन युवक मंडळांची जखमी पक्ष्यांसाठीची शिबिरे भरतात, तिथे कबुतरे सर्वाधिक येतात, पण मांज्यात पंख चिरलेली घारही येतेच, कारण ती पतंगांच्याच उंचीवर गिरक्या घेते. टेबलामागचा तरुण दचकतो. तिची नखे धोकादायक असतात, आणि तिला खायला काय द्यायचे हा विचार त्याहून अवघड असतो. या दुसऱ्या अडचणीवर सोपा तोडगा आहे: काहीच देऊ नये. जखमी घारीला पहिल्या काही तासांत अन्नाची नव्हे, अंधाराची आणि शांततेची गरज असते. जाड कापड वा टॉवेल अंगावर टाकून तिला उचलावे, पाय आवरून धरावेत, हवेसाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून झाकण लावावे. पंखात गुंतलेला मांजा ओढू नये. दोन्ही बाजूंनी कापावा आणि आत रुतलेला तुकडा पशुवैद्यासाठी तसाच ठेवावा. चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. मग वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. शिकारी पक्षी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतात, त्यांना घरी ठेवता येत नाही, त्यामुळे पुढचा आहार हा वन विभागाचा आणि प्रशिक्षित केंद्राचा प्रश्न राहतो. श्रावकाच्या हातून मांस जात नाही आणि घार वाचते.

संक्रांतीची घार डोळ्यांसमोर पडते, म्हणून तिचे दुःख दिसते. न दिसणारे नुकसान याहून कितीतरी मोठे आहे आणि त्यात जैन समाजाचा वाटा असू शकतो, हे कबूल करताना जीभ जड होते.

गिधाडांची हकीकत आता बहुतेकांच्या कानावर आहे, पण तिचा हिशेब क्वचितच पुरा सांगितला जातो. १९९० च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात डॉ. विभू प्रकाश यांच्या लक्षात आले, की गिधाडांची घरटी झपाट्याने कमी होत आहेत आणि झाडांवर मेलेली गिधाडे लटकत आहेत. जुने आकडे होते, म्हणून नवे आकडे भयंकर ठरले. पुढील मोजण्यांत दिसले, की पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत शेकडा नव्व्याण्णवहून अधिक घटली. मुंबईत मलबार हिलच्या डुंगरवाडीवर पारशी समाजाला मृतदेहांसाठी सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवावे लागले, ते यामुळेच.

कारण २००४ साली सापडले. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. माणसाला गुडघेदुखीवर देतात तेच, गुरांना सूज आणि ताप यांवर टोचले जात होते. जनावर औषध दिल्यानंतर लवकरच मेले, तर औषध मांसात राहते. गिधाडाने ते खाल्ले की त्याचे मूत्रपिंड बंद पडते, रक्तातले यूरिक आम्ल बाहेर पडत नाही आणि आतड्यांवर खडूच्या पुडीसारखा पांढरा थर साचून ते दोन-तीन दिवसांत मरते. शास्त्रज्ञांनी गणित मांडले, तेव्हा कळले की शंभर मृत गुरांत एकाहूनही कमी विषारी असले, तरी गिधाडांचा असा ऱ्हास होण्यास पुरेसे आहे. कारण एका जनावरावर एकाच वेळी कित्येक गिधाडे उतरतात.

या ठिकाणी धर्मशाळेच्या वहीतला गरुड पुन्हा समोर येतो. बिकानेरजवळ जोडबीड येथे मेलेली गुरे आणि उंट टाकण्याची जुनी जागा आहे. मारवाडातून आलेल्या कुटुंबांना ती ठाऊक असेल. हिवाळ्यात तिथे स्टेप गरुड मोठ्या संख्येने जमतात, कारण हा गरुड शिकारीइतकाच मेलेल्या जनावरांवर जगतो. तिथे मृत सापडलेल्या दोन स्टेप गरुडांच्या शरीरात डायक्लोफिनॅकचे अंश आणि गिधाडांत दिसते तीच मूत्रपिंडाची विकृती आढळली. ही माहिती २०१४ साली प्रसिद्ध झाली. तोवर हे औषध फक्त गिधाडांना मारते, असा समज होता. पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, स्टेप गरुडाची गणना जगातील संकटग्रस्त जातींत झाली. त्यामागे कारणे अनेक आहेत. विजेच्या तारा आहेत, गवताळ प्रदेशांची नांगरणी आहे. पण हे एक कारण असे आहे, की ज्याचा पुरवठा दयेच्या हातून होऊ शकतो.

कारण आजारी, म्हाताऱ्या, लंगड्या गुरांना शेवटपर्यंत सांभाळतो कोण? पांजरापोळ. मुंबईची पांजरापोळ १८३४ साली भुलेश्वरला सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ अमीचंद शहा यांनी स्थापली. गुजरात-राजस्थानात गावोगावी जैन महाजनांनी चालवलेल्या पांजरापोळी त्याहून जुन्या आहेत. कत्तलखान्यात गेलेल्या जनावराचे मांस गिधाडाच्या वाट्याला येत नाही. पांजरापोळीत आपल्या मरणाने मेलेले जनावर येते. म्हणून पूर्वी पांजरापोळींच्या मागच्या माळावर गिधाडांचे मोठे थवे उतरत आणि महाजनांची जीवदया, कोणी ठरवले नसताना, शिकारी पक्ष्यांनाही पोसत होती. जनावराची वेदना कमी व्हावी म्हणून विश्वस्तांनी शुद्ध भावनेने खर्च केलेले इंजेक्शन त्याच साखळीतून पुढे गेले. यात कोणाचा दोष शोधण्याचा प्रश्नच नाही. २००४ पूर्वी हे पशुवैद्यालाही माहीत नव्हते.

आज मात्र माहीत आहे. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर भारत सरकारने २००६ साली बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या आडमार्गाने गोठ्यात पोहोचू लागल्या, तेव्हा २०१५ साली ती इंजेक्शने फक्त ३ मिलिलिटरच्या एका मात्रेत विकण्याचा नियम आला. २०२३ मध्ये जनावरांसाठीचे किटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅक बंद झाले. असेक्लोफिनॅक तर गुराच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफिनॅकच बनते. २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइडवरही बंदी आली. पशुवैद्याच्या हाती पर्याय उरतात ते मेलॉक्सिकॅम आणि टोल्फेनॅमिक ॲसिड. दोन्ही गिधाडांना निर्धोक ठरली आहेत, दोन्ही बाजारात मिळतात आणि गुराच्या वेदनेवर चालतात. तेव्हा निवड गाय की गिधाड अशी नाहीच. निवड एका बाटलीची आणि दुसऱ्या बाटलीची आहे.

पांजरापोळीला देणगी देणारी कुटुंबे पावती घेतात, चाऱ्याचे भाव विचारतात, पाण्याच्या टाकीवर आजोबांचे नाव कोरवतात. औषधांची यादी सहसा कोणी मागत नाही. ती मागता येते. औषधाच्या वेष्टनावर मूळ नाव छापलेले असते, केवळ व्यापारी नाव नव्हे, आणि औषधांच्या घाऊक धंद्यात असलेल्या कोणाही श्रावकाला ते दोन मिनिटांत वाचता येते. दुसरी नोंद मेलेल्या जनावराची: शेवटचे इंजेक्शन कोणते, कोणत्या तारखेला, आणि मरण कधी आले. त्यात बंदीतले औषध निघाले किंवा औषधाचे नावच ठाऊक नसले, तर ते जनावर उघड्यावर न टाकता खोल पुरायचे. एवढे दोन रकाने पांजरापोळीच्या वहीत वाढले, की वर आकाशात काय होते हे पाहण्यासाठी दुसरी वही लागते, आणि ती डोंगरावर बसलेल्या माणसांकडे आहे.

महाराष्ट्रातही गिधाडे पुरती संपलेली नाहीत. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातील चिरगावच्या परिसरात उंच झाडांवर त्यांची घरटी ग्रामस्थांनी राखली आहेत. मध्य आशियातून येणाऱ्या गरुडांचा आणि घारींचा रस्ताही बंद झालेला नाही. फाल्गुन-चैत्रात धौलाधारच्या उतारावर ऊन चढते, हवेचा पहिला स्तंभ उठतो, आणि जोडबीडला हिवाळा काढलेले, गुजरातच्या माळांवर राहिलेले, दिल्लीच्या कचऱ्यावर जगलेले पक्षी एकेक करून त्याच अरुंद वाटेवर येतात.

कोपरच्या वरच्या फलाटावर तोवर वसईकडची गाडी येऊन गेलेली असते. खाडीवरची एक घार अजून वर चढत असते. ती इथलीच की जाणारी, हे इतक्या उंचीवर सांगता येत नाही. वहीत तिची नोंद अनोळखी म्हणून होईल.